तिला कुणी विचारलं का?

‘आज भाजी कोणती करू?’ हा प्रश्न आपण घरात रोज विचारतो. सासूबाईंना विचारतो, मुलांना विचारतो, यजमानांना तर विचारतोच विचारतो. पाहुणे आले तर चहात साखर किती, हे विचारल्याशिवाय कप पुढे करत नाही. पण घरातल्या एखादीची झोप उडाली, ती आपल्याशीच बोलायला लागली, कारण नसताना रडायला लागली, की मात्र घर सगळ्यांना विचारतं. शेजाऱ्यांना विचारतं, मांत्रिकाला विचारतं, डॉक्टरांना विचारतं. विचारायचं राहून जातं ते फक्त तिला!

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या न विचारण्याबद्दल. मनाच्या आजाराची तपासणी, औषध, दवाखान्यात भरती, हे सारं जिच्या अंगावर होतं तिची त्याला संमती घेतली का? आणि ‘संमती’ म्हणजे नुसता कागदावरचा अंगठा, की आणखी काही?

बचत गटांच्या कामासाठी माझं नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेकडेच्या गावांत जाणं-येणं असतं. चोरखमारा, मंगेझरी ही नावं पर्यटकांना ठाऊक असतात ती जंगलात शिरायची फाटकं म्हणून. १९७० साली हे अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. शहरातून येणाऱ्यांना इथं वाघ पाहायचा असतो. इथल्या बाईला मात्र जंगल म्हणजे मोहफुलं, तेंदूपत्ता आणि सरपण. मोह पहाटे गळतो, म्हणून अंधारातच टोपली घेऊन निघायचं. अस्वलालाही मोहफुलं आवडतात आणि तेही त्याच वेळी येतं.

अशाच एका गावातली एक बाई. नाव-गाव सांगत नाही. मोह वेचताना तिच्या सोबतिणीवर अस्वल धावून आलं, तेही हिच्या डोळ्यांसमोर. सोबतीण वाचली, पण हिची झोप गेली. रात्री दचकून उठायची, दार उघडून अंगणात पाहायची. तांदूळ निवडता निवडता हात थांबायचा. आधी मांत्रिक झाला, लिंबू-नारळ झालं. मग तिला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं सगळी विचारपूस झाली ती नवऱ्याशी. ‘झोपते का?’ ‘नाही जी.’ ‘मारते का?’ ‘मारत नाही, पण बडबडते.’ ती तिथंच स्टुलावर बसून होती. नवऱ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून कागदावर सही केली दिरानं. आठ दिवस भरती झाली. गोळ्या मिळाल्या. कसल्या, कशासाठी, किती दिवस, हे तिला कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर दोन महिन्यांत तिनं त्या गोळ्या चुलीत टाकल्या. गटाच्या बैठकीत मी कारण विचारलं तर म्हणाली, “मले वाटला, हे मले झोपवूनच ठेवतेत. मले कोनी काईच इचारला नाई जी!”

पुढे आम्ही तिला सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी नवऱ्याला म्हटलं, “भाऊ, थोडा वेळ बाहेर बसा.” आणि तिलाच विचारलं, “ताई, तुम्हाला काय होतंय?” अस्वलाची गोष्ट पहिल्यांदा तेव्हा बाहेर आली! तोवर ती कुणी विचारलीच नव्हती. डॉक्टरबाईंनी सांगितलं, की मोठा धक्का बसल्यावर असं होतं, ही करणी नाही, हा आजार आहे आणि तो बरा होतो. या गोळीनं झोप लागेल, पण सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, दिवसा सुस्ती येईल. गोळीशिवाय बोलूनही उपचार करता येतात, त्यासाठी दर पंधरा दिवसांनी यावं लागेल. मग विचारलं, “सुरू करायचं का?” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “करा.”

ते औषध तिनं टाकलं नाही. तिचं तिनं ठरवलं होतं ना!

यात एक गोष्ट लक्षात घ्या. तिला विचारण्यात डॉक्टरबाईंनी तिच्यावर मेहेरबानी केली नव्हती. कायदाच तसं सांगतो. आपल्या देशात ‘मानसिक आरोग्य सेवा कायदा’ २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याआधी १९१२ चा इंग्रजांचा ‘वेड्यांचा कायदा’ होता. मग १९८७ चा कायदा आला, त्यात नातेवाइकाच्या अर्जावर एखाद्याला त्याच्या मर्जीशिवाय ९० दिवसांपर्यंत भरती करता येत असे. २०१७ च्या कायद्यानं गाडी उलटी फिरवली. आता पहिला शब्द रुग्णाचा!

या कायद्यात ‘माहितीपूर्ण संमती’ असा शब्द आहे. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे. कोणता उपचार करणार, त्याचा फायदा काय, धोका काय, त्याऐवजी दुसरं काय करता येईल, हे सगळं रुग्णाला समजेल अशा भाषेत, समजेल अशा रीतीनं सांगायचं. आणि मग जबरदस्ती, धाक, फसवणूक, दबाव यातलं काहीही न करता तिचा होकार घ्यायचा. एका उपचाराला दिलेला होकार म्हणजे पुढच्या सगळ्या उपचारांना होकार नव्हे. आमच्या भागात गोंडी बोलणाऱ्या, झाडीबोली बोलणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यापुढे इंग्रजीत छापलेला कागद ठेवून ‘इथं अंगठा करा’ म्हटलं, तर ती संमती कशी म्हणायची?

यावर लगेच एक प्रश्न येतो. बैठकीत हमखास कुणीतरी विचारतंच, “अहो ताई, जिचं डोकंच ठिकाणावर नाही, तिला काय विचारायचं?”

प्रश्न चुकीचा नाही, पण कायद्याचं उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. आजार झाला म्हणजे ठरवण्याची शक्ती गेली, असं कायदा मानत नाही. सांगितलेलं तिला समजतंय का, होकार-नकाराचे परिणाम कळताहेत का, आपला निर्णय ती बोलून, खुणेनं किंवा कशानंही कळवू शकते का, एवढंच पाहायचं. आणि तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून ‘हिला समज नाही’ असं म्हणता येत नाही. हे वाक्य माझ्या मते प्रत्येक घरात भिंतीवर लावायला हवं!

तपासणीचंही तसंच. एखादीला मनोविकार आहे की नाही, हे वैद्यकीय कसोट्यांवर ठरवायचं. ती घरच्यांचं ऐकत नाही, समाजाच्या रीतीप्रमाणे वागत नाही, उलट बोलते, लग्नाला नाही म्हणते, यावरून ठरवायचं नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढं कारणही आज पुरत नाही. आणि मनोविकाराचं निदान झालं म्हणून ती ‘विकल मनाची’ ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा.

याची गरज का पडावी? कारण ‘वेडी’ हा शब्द बाईच्या बाबतीत फार स्वस्त आहे. जमिनीत वाटा मागितला, वेडी. नवऱ्याच्या दारूबद्दल चारचौघांत बोलली, वेडी. आणि एकदा शिक्का बसला की माहेर, सासर, पोरं, शेत, सगळीकडचा तिचा शब्द हलका होतो. घटस्फोटाच्या कागदांत मनोविकाराचं कारण घालणारे कमी नाहीत. पण सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगून ठेवलंय, की आजाराचं नुसतं नाव सांगून घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे, त्याच्यासोबत संसार करणं खरोखरच अशक्य आहे का, हे सिद्ध करावं लागतं. २००३ सालच्या दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयानं असंही म्हटलं, की वैवाहिक खटल्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं, पण त्यासाठी समोर सबळ कारण आणि पुरेसा पुरावा हवा. म्हणजे नवऱ्यानं म्हटलं आणि बायकोला तपासणीला नेलं, असं नाही. पण न्यायालयानं आदेश दिल्यावर नकार दिला, तर त्याचा अर्थ आपल्याविरुद्ध लावला जाऊ शकतो, हेही माहीत असू द्या. अशा वेळी वकिलाशी बोलल्याशिवाय काही करू नका.

तिला न विचारण्याची किंमत काय असते? आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली १९९४ ची. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय सांगितलं? पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही! राज्यभरातून स्त्री-संघटना उभ्या राहिल्या, देशभर चर्चा झाली. मतिमंदत्व आणि मनोविकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण प्रश्न तोच होता. जिचं शरीर, तिला कुणी विचारलं का? घड्या धुण्याचा त्रास कुणाचा वाचला, आणि अवयव कुणाचा गेला? आजच्या कायद्यात मनोविकारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला साफ बंदी आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा एक दावा चालू होता. २०२१ साली त्यातून उघडकीला आलं, की त्यातली पत्नी सुमारे बारा वर्षं ठाण्याच्या मनोरुग्णालयातच आहे. बरी झालेली, घरी जाण्याजोगी, तरी तिथंच! त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयानं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारही सरकारी मनोरुग्णालयांचा हिशेब मागितला, तेव्हा दहा वर्षांपेक्षा जास्त काळ तिथं असलेली माणसं शेकड्यांत निघाली. त्यातली कितीतरी घरी जाण्याजोगी होती. आपण गोंदिया-भंडाऱ्याची माणसं नागपूरच्या त्या इमारतीला सहज ‘पागलखाना’ म्हणतो आणि पुढे जातो. आत आपल्याच कुणाची तरी मावशी, कुणाची वहिनी घराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असू शकते.

आता दुसरी बाजूही बोलू. कधी कधी आजार इतका बळावतो, की माणसाला खरंच काही कळत नाही. ती स्वतःला इजा करू पाहते, किंवा दुसऱ्यावर धावून जाते, किंवा दिवसेंदिवस जेवत नाही. घरचे रात्र रात्र जागतात. म्हातारी सासू तिच्या पायाशी बसून राहते. अशा घराला ‘तिची संमती घ्या’ एवढंच सांगून निघून जाणं मला बरोबर वाटत नाही. कायद्यालाही ते मान्य नाही. अशा वेळी तिच्या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करता येते, पण त्याला कुंपण आहे. दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, तिला वेगवेगळं तपासलेलं हवं. ही भरती ३० दिवसांपर्यंतच, पुढे ठेवायचं तर नव्यानं तपासणी. भरती झालेली व्यक्ती बाई असेल, तर रुग्णालयानं ते तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. पुरुषांसाठी ही मुदत सात दिवसांची आहे. बाईसाठी ती कमी का ठेवली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! भरती मान्य नसेल तर ती स्वतः किंवा तिचा प्रतिनिधी मंडळाकडे दाद मागू शकतात. आणि तिची समज परत आली, की निर्णय पुन्हा तिच्या हातात द्यायचा.

भरतीतल्या बाईचे हक्क तर प्रत्येकीला पाठ हवेत. तिचे केस जबरदस्तीनं कापता येत नाहीत. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू तिला मिळाल्या पाहिजेत. तीन वर्षांखालचं बाळ शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत, अल्पवयीनांना तर मंडळाच्या परवानगीशिवाय मुळीच नाहीत. आणि साखळी? कुठल्याही कारणानं, कुठल्याही प्रकारे नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा दर्ग्याजवळच्या आश्रमातली २८ माणसं जळून गेली. साखळदंडांमुळे त्यांना पळताच आलं नाही. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही गुन्हा आहे. गावच्या मांत्रिकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

एवढं वाचून, ‘बरं झालं, आता मी सासरच्यांना दाखवतेच,’ असं कुणाला वाटलं असेल, तर जरा थांबा. हा न्याय आपल्यालाही लागू आहे.

एस.टी. स्टँडच्या भिंतीवरची ती जाहिरात आठवते? ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत!’ कितीजणी ती पूड, ते थेंब भाजीत, वरणात कालवतात. त्यांचा त्रास मला दिसतो. रोजचा मार, पोरांच्या फीचे उडालेले पैसे. पण अशा पुडीत काय आहे, ते देणाऱ्याला तरी ठाऊक असतं का? दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं औषध डॉक्टर देतात. ते पोटात असताना दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब एकदम खाली येतो. जिवावरही बेतू शकतं. म्हणूनच ते रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊनच देतात. ज्याला गोळीची खबरच नाही, तो संध्याकाळी गुत्त्यावर जाणार नाही तर काय करील? तेव्हा बाई, नकळत काही कालवू नका.

तरण्या पोरीच्या चहात झोपेची गोळी विरघळवणाऱ्या आयाही आहेत. वाईट हेतू नसतो, पोरीची काळजी असते. पण ते एक दिवस कळतंच. मग ती चहा पीत नाही, हातचं जेवत नाही, औषधावरचा विश्वास उडतो आणि आईवरचाही. गोळी घेत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. का घेत नाही, हे तिला विचारा. कधी हात थरथरतात, कधी वजन वाढतं, कधी पाळी पुढे जाते. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, पण त्यांना कळलं तर!

मग आपण काय करायचं? काही अगदी साध्या गोष्टी.

दवाखान्यात गेल्यावर ‘तिच्याशी थोडं एकटीशी बोला’ असं डॉक्टरांना आपणच म्हणायचं. आजाराचं नाव काय, औषध कशासाठी, त्याचा त्रास काय होईल, किती दिवस घ्यायचं, दुसरा उपाय आहे का, हे पाच प्रश्न विचारायचे. लाजायचं नाही. आपण साडी घेतानासुद्धा रंग जाईल का, हे दहादा विचारतो! कागद इंग्रजीत असेल तर वाचून, समजावून मागायचा. न समजलेल्या कागदावर सही नाही. स्वतःच्या इच्छेनं भरती झालेल्या बाईनं घरी जातो म्हटलं, तर तिला जाऊ द्यावं लागतं. डॉक्टरांना फारच काळजी वाटली, तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. आपल्या उपचाराचे कागद मागण्याचाही आपल्याला हक्क आहे.

आणि एक काम धडधाकट असतानाच करून ठेवा. उद्या माझं मन आजारी पडलं, मला ठरवता आलं नाही, तर माझ्या वतीनं कुणी बोलायचं, हे साध्या कोऱ्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठेवता येतं. कायद्यात त्याला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणतात. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण चालेल, मैत्रीण चालेल, मोठी झालेली मुलगी चालेल. ज्याला नेमलं, त्याची मात्र तयारी हवी. मन बदललं तर कागद बदलता येतो. कुठला उपचार हवा, कुठला नको, हेही ‘आगाऊ निर्देश’ म्हणून लिहून ठेवता येतं. मुलीच्या लग्नाचे दागिने कुणाला, हे आपण किती आधी ठरवून ठेवतो. आपल्या मनाची किल्ली कुणाकडे, हे नको ठरवायला?

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. घरचे बळजबरी करताहेत, खोटा शिक्का मारताहेत असं वाटलं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला, की दहा मिनिटं या विषयाला द्या. एक कोरा कागद मधे ठेवा आणि प्रत्येकीला विचारा, “तुझ्या वतीनं कुणी बोललेलं तुला चालेल?” आधी हसाल, मग गप्प व्हाल. मग एकेक जण बोलायला लागेल. आणि ज्या घरात कुणी आजारी आहे, तिथं आज चहाचा कप हातात देताना तिच्याशेजारी बसा. काय होतंय, काय हवंय, काय नकोय, एवढंच विचारा. उत्तर लगेच येणार नाही. चहा गार होईपर्यंत थांबा.